एलपीएस टाकल्यावर मॅक्रोफाजमध्ये कुठला जीन कधी चालू होतो, हे स्वतः मोजायचं कसं

जानेवारी आला की डिसर्टेशनवाल्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई, बॅक्टेरियल इन्फेक्शनमध्ये इम्यून सेल्सचं जीन एक्स्प्रेशन (कुठला जीन किती चालू आहे ते) कसं बदलतं ते बघायचंय, एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला घटक) टाकून २४ तासांनी सेल्स काढल्या की झालं ना? नाही हो झालं. २४ तासांनी जाल तर वरात केव्हाच निघून गेलेली असेल आणि तुम्ही रस्त्यावर पडलेले फटाक्यांचे कागद मोजत बसाल. मी स्वतः हेच केलंय. टीएनएफ (सूज वाढवणारा जीन) मोजला, जेमतेम दुप्पट आला, गाईडने विचारलं एवढंच? आणि मी एलपीएस खराब निघालं म्हणून मोकळी झाले. एलपीएस चांगलंच होतं, मीच उशिरा पोचले होते.

म्हणून या सगळ्या गाईडमध्ये मुख्य गोष्ट घड्याळ आहे, बाकीचं प्रोटोकॉल कुठेही मिळेल.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात, कारण हे माहीत नसेल तर टाइम पॉइंट अंदाजपंचे निवडले जातात. एलपीएस म्हणजे ईकोलाय, साल्मोनेला अशा ग्राम निगेटिव्ह बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातला घटक. मॅक्रोफाजच्या, म्हणजे बॅक्टेरिया गिळणाऱ्या इम्यून सेलच्या, पृष्ठभागावर टीएलआर४ नावाचा रिसेप्टर असतो तो हे ओळखतो. हे कळलं कसं तर सी३एच/एचईजे नावाच्या उंदरांवरून, त्यांना कितीही एलपीएस टोचा, ढिम्म, आणि १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने दाखवलं की त्या उंदरांचा टीएलआर४ जीनच बिघडलेला आहे. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी.

तर रिसेप्टरने सिग्नल दिला की एनएफ-कप्पा-बी (जीन चालू करणारं प्रोटीन) सुटतो. एरवी याला आयकप्पाबी नावाच्या प्रोटीनने सायटोप्लाझममध्ये धरून ठेवलेलं असतं, सिग्नल आला की काही मिनिटांत ते आयकप्पाबी तोडलं जातं आणि हा गडी थेट न्यूक्लियसमध्ये. तिथे काही जीन आधीपासूनच दार किलकिलं ठेवून बसलेले असतात, क्रोमॅटिन (डीएनएची गुंडाळी) उघडं, पॉलिमरेज (जीनची आरएनए नक्कल काढणारा एंझाइम) जवळपास तयार, ते लगेच चालू होतात: टीएनएफ, फॉस, आणि गंमत म्हणजे आयकप्पाबीचाच जीन. म्हणजे एनएफ-कप्पा-बी आत जाऊन पहिल्यांदा जी कामं करतो त्यातलं एक म्हणजे स्वतःला परत पकडून बाहेर नेणारा पोलीस तयार करणं. शिवाय टीएनएफच्या एमआरएनएच्या (जीनच्या आरएनए नकलेच्या) शेपटीकडे असे सिक्वेन्स असतात की तो फार टिकतच नाही, टीटीपी नावाचं प्रोटीन त्याला धरून मोडायला पाठवतं. त्यामुळे टीएनएफ तास-दोन तासांत शिखर गाठतो आणि उतरायला लागतो.

दुसरी फळी उशिरा येते. आयएल-६, आयएल-१२ चा पी४० हा भाग (दोन्ही सायटोकाइन, म्हणजे सेल्सचे निरोप), एनओएस२ (नायट्रिक ऑक्साइड बनवणारा एंझाइम), यांच्या इथे क्रोमॅटिन बंद असतं, ते सरकवायला वेळ लागतो आणि बऱ्याचदा आधी नवीन प्रोटीन बनावी लागतात. सायक्लोहेक्सिमाइड टाकून प्रोटीन बनणंच थांबवलं तर पहिली फळी तरीही चालू होते, दुसरीतले बरेच जीन होत नाहीत, यावरूनच हे दोन गट वेगळे ओळखले जातात. आणि तिसरा एक आडमार्ग आहे इंटरफेरॉनचा, टीएलआर४ आत ओढला गेला की तिथून आयआरएफ३ (हेही जीन चालू करणारं प्रोटीन) जागा होतो, इंटरफेरॉन बीटा बनतो, तो बाहेर पडून त्याच सेलला आणि शेजारणींना सांगतो, मग आयएसजी१५, सीएक्ससीएल१० वगैरे वर जातात. हे सगळं एका प्लेटमध्ये दिसतं, फक्त वेळेवर जायला हवं.

सेल्स कुठल्या घ्यायच्या

पहिल्यांदा करत असाल तर रॉ २६४.७ घ्या. उंदराची मॅक्रोफाज लाइन, १९७८ पासून वापरात, पुण्यात एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरीतून मिळते, वाढवायला सोपी. डीएमईएम मीडिया, १० टक्के एफबीएस (गर्भातल्या वासराचं सीरम), ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बास. काढताना ट्रिप्सिनच्या नादी लागू नका, चिकटून बसतात, स्क्रेपरने हळूच काढा. हळूच म्हणजे खरंच हळूच, तवा घासल्यासारखं नाही. फार दाट होऊ देऊ नका आणि कोणी ठेवलेल्या अज्ञात पासेजच्या, म्हणजे किती वेळा पुन्हा वाढवल्यात ते माहीत नसलेल्या, व्हायलवर विश्वास ठेवू नका, फार जुन्या झाल्या की रिस्पॉन्स बदलत जातो आणि सेल्सना फांद्या फुटल्यासारख्या दिसायला लागल्या की समजा त्या आधीच चिडल्यात.

माणसाच्याच सेल्स पाहिजेत असतील तर टीएचपी-१. पण त्या मोनोसाइट, तरंगतात, पीएमए हे रसायन देऊन त्यांना मॅक्रोफाज बनवावं लागतं आणि पीएमए स्वतःच एनएफ-कप्पा-बी जागं करतो. म्हणून पीएमए काढल्यावर निदान एक दिवस साध्या मीडियात आराम द्या. हा आराम न दिल्यामुळे किती जणांचे कंट्रोल वाया गेलेत ते विचारू नका.

रॉ सेल्सची एक खोड आधीच सांगून ठेवते. त्यांच्यात एएससी नावाचं प्रोटीन नसतं, म्हणून इन्फ्लमझोम (आयएल-१ बीटा पिकवणारी प्रोटीनची जुळणी) नीट जुळत नाही. आयएल-१ बीटाचा एमआरएनए ढिगाने वाढलेला दिसेल, पण पिकलेला आयएल-१ बीटा बाहेर पडेल अशी वाट बघत बसू नका. तो प्रश्न असेल तर टीएचपी-१ घ्या किंवा उंदराच्या बोनमॅरोपासून मॅक्रोफाज बनवा, आणि एलपीएसनंतर एटीपीसारखा दुसरा सिग्नलही द्यावा लागेल.

कंट्रोल आधीच पेटलेला असतो तेव्हा

आता माझी फजिती. सेकंड इयरला होते, सलग तीन एक्स्पेरिमेंटमध्ये कंट्रोलचा टीएनएफ सीटी (क्यूपीसीआर यंत्राचा आकडा, जितका कमी तितका एमआरएनए जास्त) २२ आणि एलपीएसचा २१. म्हणजे काहीच न दिलेल्या सेल्स एलपीएस दिलेल्यांइतक्याच तापलेल्या. प्रायमर बदलले, सेल्स बदलल्या, देवाला नारळ तेवढा फोडायचा राहिला. शेवटी एका सिनियरने हूडमधली पीबीएसची (सेल्स धुवायच्या मिठाच्या पाण्याची) काचेची बाटली उचलून विचारलं, ही कोणाची? लॅबमध्येच बनवलेलं पीबीएस, छान ऑटोक्लेव्ह केलेलं. आणि तिथेच घोळ होता. ऑटोक्लेव्हमध्ये बॅक्टेरिया मरतात, एलपीएस नाही मरत, ते जिवंत कुठे असतं मरायला. पाण्याच्या कॅनमध्ये कधीतरी बॅक्टेरिया वाढले, मेले, त्यांचं आवरण तसंच राहिलं आणि मी ते प्रत्येक वॉशला सेल्सना पाजत होते.

काच वापरायचीच असेल तर कोरड्या ओव्हनमध्ये २५० डिग्रीला अर्धा तास भाजावी लागते, तेव्हा एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएसच, जातं. नाहीतर सरळ विकतचं एंडोटॉक्सिन-फ्री पीबीएस आणि नवं प्लास्टिक वापरा. एफबीएस घेतानाही सर्टिफिकेटवर एंडोटॉक्सिनचा आकडा बघा, कमी असलेलाच लॉट घ्या आणि पूर्ण कामाला तोच लॉट पुरवा. शंका असेल तर एक सोपी युक्ती आहे, पॉलीमिक्सिन बी. ते एलपीएसला धरून निकामी करतं. कंट्रोलमध्ये ते टाकल्यावर टीएनएफ खाली आला तर चोर सापडला. ईकोलायमध्ये बनवलेलं रिकॉम्बिनंट प्रोटीन सेल्सवर टाकून आमच्या प्रोटीनने मॅक्रोफाज ॲक्टिव्हेट होतात म्हणून जे नाचतात त्यांनी तर ही टेस्ट केल्याशिवाय पेढे वाटू नयेत.

प्लेट कशी लावायची

सहा वेलची (खळग्यांची) प्लेट, प्रत्येक वेलमध्ये साधारण १० लाख सेल्स, २ मिली मीडिया, रात्रभर बसू द्या. टाइम पॉइंट सहा: ०, १, २, ४, ८ आणि २४ तास.

आता बहुतेक जण काय करतात, सगळ्या वेलना एकदम एलपीएस देतात आणि एकेक वेल काढत जातात. त्यात शेवटची वेल पहिल्यापेक्षा एक दिवस जास्त वाढलेली असते, दाट, मीडिया पिवळा, मग फरक एलपीएसचा का गर्दीचा कोण सांगणार. उलटं करा. काढायची वेळ एकच ठरवा, समजा दुपारी ४. मग २४ तासवाल्या वेलला आदल्या दिवशी ४ वाजता एलपीएस, ८ तासवालीला सकाळी ८ ला, ४ तासवालीला १२ ला, मग २ ला, मग ३ ला, आणि शून्यवालीला नुसता तो बफर ज्यात एलपीएस विरघळवलंय. जेवायला कँटीनला जायचं ते १२ च्या डोसनंतर, आणि २ च्या आत परत या, तिथे गप्पा रंगतात.

डोस १०० नॅनोग्रॅम प्रति मिली. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं स्टॉक करून २ मिलीत २० मायक्रोलिटर टाकलं की बरोबर बसतं. टाकण्याआधी स्टॉक चांगला व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर जोरात ढवळा), एलपीएस स्वतःचे गोळे करतं आणि नळीच्या भिंतीला चिकटतं, न हलवता घेतलं तर आज एक डोस आणि उद्या दुसरा. पूर्ण मीडिया बदलून एलपीएस देऊ नका, मीडिया बदलण्यानेच फॉससारखे जीन उडी मारतात. थेंब टाका, प्लेट हळूच हलवा, परत आत.

एका प्लेटमधल्या दोन वेल म्हणजे दोन रेप्लिकेट नव्हेत. वेगळा दिवस, वेगळा पासेज, परत सगळं पहिल्यापासून, असं तीनदा, तेव्हा तीन. व्हायवाला एक्स्टर्नल हे विचारतातच.

आणि मीडिया फेकू नका! सुपरनेटंट काढून फिरवा, वरचं वेगळ्या ट्यूबमध्ये मायनस ८० ला. नंतर एलायझा (प्रोटीन मोजायची टेस्ट) करायची वेळ येणारच, कारण एमआरएनए वाढला म्हणजे प्रोटीन वाढलंच असं नसतं आणि कोणीतरी ते विचारणारच.

आरएनए

मीडिया काढला की वेलमध्ये थेट १ मिली ट्रायझॉल (आरएनए काढायचं द्रावण), वर-खाली पिपेट करा, सेल्स विरघळतात, या टप्प्याला मायनस ८० ला ठेवून घरी जाता येतं. ग्लोव्ह्ज आणि फ्यूम हूड, फिनॉल आहे त्यात, हातावर पडलं की भाजतं. पुढे ०.२ मिली क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात हलवा, २-३ मिनिटं ठेवा, १२,००० जी ला १५ मिनिटं ४ डिग्रीवर. खाली गुलाबी, मध्ये पांढरा पापुद्रा, वर पाण्यासारखं. वरचं घ्या आणि लोभ करू नका, मी शेवटचा थर सोडूनच देते, पापुद्र्याला टिप लागली की डीएनए आलाच. मग ०.५ मिली आयसोप्रोपेनॉल, १० मिनिटं, परत १२,००० जी ला १० मिनिटं. पेलेट दिसलं नाही तरी घाबरू नका, ट्यूबचा बिजागरीकडचा भाग कायम बाहेरच्या बाजूला ठेवत गेलात की ते कुठे असणार हे माहीत असतं. ७५ टक्के इथेनॉलने धुवा, ७,५०० जी ला ५ मिनिटं, हवेत ५-१० मिनिटं वाळवा, खडखडीत वाळवू नका, मग विरघळत नाही. ३० मायक्रोलिटर आरनेज-फ्री पाणी, ५५ डिग्रीला १० मिनिटं.

नॅनोड्रॉपवर (आरएनए किती आणि किती शुद्ध ते मोजणारं यंत्र) २६०/२८० दोनच्या आसपास पाहिजे. २६०/२३० अगदीच एक-बिक आलं तर फिनॉल नाहीतर मीठ राहिलंय, परत इथेनॉल. डीनेज (डीएनए मोडणारा एंझाइम) ट्रीटमेंट करा, आणि सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करताना एक ट्यूब रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता ठेवा. त्या ट्यूबमध्ये सीटी २८ आला तर तुम्ही जीनोमिक डीएनए मोजताय, एक्स्प्रेशन नाही.

क्यूपीसीआर आणि आकडेमोड

रेफरन्स जीनवर (ज्याच्याशी तुलना करायची तो न हलणारा जीन) थोडं थांबते कारण इथे सगळे झोपेत असतात. जीएपीडीएच सगळे वापरतात म्हणून तुम्ही वापरणार, पण एलपीएस मिळालेला मॅक्रोफाज ग्लायकोलिसिस वाढवतो आणि जीएपीडीएच हा ग्लायकोलिसिसचाच एंझाइम, म्हणजे मोजपट्टीच रबराची निघण्याची शक्यता. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन तर नकोच, इंटरफेरॉनने वर जातो. एचपीआरटी आणि एखादा रायबोसोमल प्रोटीनचा जीन असे दोन घ्या आणि सहाही टाइम पॉइंटला त्यांचे सीटी नुसते एका ओळीत लिहून बघा, अर्ध्या सायकलच्या आत हलत असतील तर पुढे जा.

आकडे असे मांडायचे. समजा शून्य तासाला टीएनएफ २७, एचपीआरटी २३, फरक ४. एका तासाला टीएनएफ २१.५, एचपीआरटी २३, फरक उणे १.५. दोन फरकांमधला फरक उणे ५.५, आणि दोनचा ५.५ वा घात म्हणजे साधारण ४५. टीएनएफ ४५ पट वाढला. प्रायमरची एफिशियन्सी शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तरच हे खरं, म्हणून आधी डायल्यूशन सिरीज करून बघा आणि मेल्ट कर्व्हला एकच टेकडी आहे ना ते बघा.

आयएल-६ ला वेगळी पंचाईत होते. न चिडलेल्या रॉ सेल्समध्ये तो जवळजवळ नसतोच, सीटी ३५-३६ किंवा काहीच नाही. मग भागाकार करून आठ हजार पट, वीस हजार पट असले आकडे येतात, ऐकायला भारी वाटतात पण दर वेळी वेगळे येतात कारण खालचा आकडा निव्वळ गोंगाट असतो. अशा जीनसाठी पट सांगू नका, सरळ डेल्टा सीटी (त्या जीनच्या आणि रेफरन्सच्या सीटीतला फरक) प्लॉट करा.

ग्राफ नीट आला तर आयकप्पाबी आणि टीएनएफ १-२ तासांत वर जाऊन खाली यायला लागलेले, आयएल-६ ४ ते ८ च्या मध्ये चढलेला, एनओएस२ अजून मागे आणि बराच वेळ टिकलेला दिसेल. एनओएस२ चालू झाला म्हणून खात्री करायची तर तेच जपून ठेवलेलं २४ तासांचं सुपरनेटंट घ्या आणि ग्रिस अभिकर्मक टाका, नायट्राइट असेल तर गुलाबी होतं, डोळ्यांनी दिसतं. मला अजूनही तो गुलाबी रंग बघायला आवडतो.

खरे बॅक्टेरिया वापरायचे असतील तर

एलपीएस म्हणजे बॅक्टेरियाचा फोटो दाखवण्यासारखं आहे. जिवंत साल्मोनेला आत शिरते, लपते, स्वतःची प्रोटीन सेलमध्ये सोडून होस्टचा प्रतिसादच वळवते. बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) ची सोय आणि परवानगी असेल तरच. एका सेलमागे १० बॅक्टेरिया, अर्धा ते एक तास, मग धुवून १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली जेंटामायसिन एक तास, नंतर १०-२० वर आणून ठेवा. जेंटामायसिन सेलच्या आत फारसं जात नाही, त्यामुळे बाहेरचे मरतात आणि आतले राहतात, याच्याशिवाय मीडियात इतके बॅक्टेरिया वाढतात की ८ तासांनी तुम्ही सूप मोजत असता. मीडियात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालायची सवय असते ते आदल्या दिवसापासून बंद. उष्णतेने मारलेले बॅक्टेरिया एका वेलमध्ये कंट्रोल म्हणून ठेवा, जिवंत आणि मेलेल्यांतला जो फरक येतो तोच खरा मजेचा भाग. टीबीचा जंतू मात्र यात आणू नका, त्याला बीएसएल-३ लागतं.

इथे सीडीएनएला ऑलिगो डीटी (पॉली-ए शेपटीला चिकटणारा प्रायमर) वापरला तर बॅक्टेरियाचा आरएनए आपोआप बराचसा बाजूला राहतो, त्यांच्या एमआरएनएला आपल्यासारखी लांब पॉली-ए शेपटी नसते. आणि एक लक्षात घ्या, वेलमधल्या सगळ्याच सेल्समध्ये बॅक्टेरिया गेलेला नसतो. काही कोऱ्या असतात पण शेजारणीच्या सायटोकाइनने तापलेल्या, आणि तुमचा आकडा या सगळ्यांची खिचडी असते. जीएफपीवाली (हिरवी चमकणारी) साल्मोनेला वापरून सॉर्टरवर (सेल्स वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर) हिरव्या आणि बिनहिरव्या सेल्स वेगळ्या करता आल्या तर करा. २०१५ मध्ये साल्मोनेलावरच सिंगल सेल पातळीवर असं दाखवलं गेलं की आत बॅक्टेरिया असलेल्या सेल्ससुद्धा एकसारख्या वागत नाहीत, काहींमध्ये इंटरफेरॉनचा प्रतिसाद जोरात आणि काहींमध्ये नाही, आणि त्याचं कारण बॅक्टेरियाच आपसात सारखे नसतात.

दुसऱ्यांदा एलपीएस

वेळ आणि पैसे उरले तर हे कराच, चार वेलचं काम आहे. पहिल्या दिवशी दोन वेलना एलपीएस, दोनना नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या धुवा, दोन तास साध्या मीडियात ठेवा, मग प्रत्येक जोडीतल्या एकीला परत एलपीएस आणि २ तासांनी काढा. आदल्या दिवशी एलपीएस मिळालेल्या सेलचा टीएनएफ दुसऱ्या वेळी फारसा हलत नाही. पण सगळेच जीन असे गप्प बसत नाहीत, २००७ मध्ये इम्युनॉलॉजिस्ट रुस्लान मेडझिटॉव यांच्या लॅबने दाखवलं की सूज वाढवणारे जीन दबतात आणि बॅक्टेरिया मारायच्या कामाचे बरेच जीन दुसऱ्यांदाही चालू होतात, काही तर जास्तच, आणि हे त्या त्या जीनच्या क्रोमॅटिनवर ठरतं. म्हणजे टीएनएफच्या शेजारी एलसीएन२ चा (बॅक्टेरियाविरुद्धच्या कामातला एक जीन) प्रायमरही लावा, नाहीतर सेल्स थकल्या असं चुकीचं लिहून मोकळे व्हाल.

सिक्वेन्सिंगला पैसे नसतील तर एनसीबीआयच्या जीईओ या डेटाबेसवर एलपीएस आणि मॅक्रोफाज टाकून शोधा, आरएनए-सेकचे (सगळ्या जीनचा आरएनए एकदम मोजलेले) टाइम कोर्स फुकट पडलेत, काउंट टेबल उतरवा, आर या प्रोग्रॅममध्ये डीईसेक२ हे पॅकेज चालवा आणि तुमचे सहा-सात जीन त्यात त्याच क्रमाने चढतात का ते बघा. घेताना त्यांनी सेल्स कुठल्या वापरल्या आणि तास कुठले हे आधी वाचा.

अजून एक, ट्यूबवर झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे लिहा, आणि इथेनॉलने न पुसला जाणारा मार्कर घ्या. माझे ४ आणि ८ तासाचे एक सेट अजूनही फ्रीजरमध्ये आहे, कुठलं कुठलं ते कोणालाच माहीत नाही.